हजेरीतली वच्छला

अकोल्यात शिवणीच्या बाजूला, एमआयडीसीतल्या एका दाळ मिलच्या फाटकावर रोज सकाळी किसनराव मुकादम हजेरीचं रजिस्टर उघडायचा आणि खड्या आवाजात हाक मारायचा, "वच्छला डोंगरदिवे!" तोंडाला फडकं बांधलेली एक बाई हात वर करायची. "हाव, हाये." त्या बाईचं नाव मनकर्णा वाहुरवाघ. खरी वच्छला त्या घडीला तिकडं पुण्याजवळ चाकणला कोणाच्या तरी घरची भांडी घासत असायची. हे किसनरावाला माहीत, लाइनीत उभ्या सगळ्या बायांना माहीत, वस्तीत तर शेंबड्या पोरालाही माहीत. माहीत नव्हतं ते फक्त मिलच्या ऑफिसातल्या लोकांना. आणि त्यांना तरी माहीत करून काय करायचं होतं? दाळ निवडून मिळाली म्हणजे झालं, निवडणारीचं नाव काही का असेना!

कोणी म्हणेल, ही तर शुद्ध फसवाफसवी. अहो, कसली फसवाफसवी! त्या मिलमध्ये ती रीतच होती. पुष्कळ बाया रोजीवर यायच्या, त्यातल्या मोजक्याच 'कायम' होत्या. कायम म्हणजे रजिस्टरवर नाव, पगारातून फंड कापला जाणार, विम्याच्या दवाखान्याचं कार्ड मिळणार. असं नाव एकदा लागलं की बाई ते जिवापाड जपायची. बाळंतपणाला माहेरी जायचं असो की सासूचं दुखणं काढायचं असो, आपल्या जागी जावेला नाही तर शेजारणीला उभी करून जायची. ती तिच्या नावानं हजेरी द्यायची, तिच्या नावानं राबायची. याला म्हणायचं जागा धरणं. महिन्या-दोन महिन्यांनी खरी बाई परत आली की धरणारी बाजूला व्हायची. मुकादम तेवढे दिवस डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायचा आणि त्या बदल्यात महिन्याला एक रोजी, म्हणजे एका दिवसाची मजुरी, खिशात टाकायचा. कोणाचं काही बिघडत नव्हतं.

मनकर्णानं धरलेली जागा मात्र सुटलीच नाही.

तिची पिंकी तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. नवरा डोमाजी धान्य मार्केटात हातगाडा ओढायचा. माल आला तर पोटाला, नाही तर आभाळाकडं पाहत बसायचं. मनकर्णा डबा बांधून मजुरांच्या चौकात जाऊन उभी राहायची. ठेकेदार मोटरसायकलवरून यायचे, बायांना न्याहाळायचे आणि "तू, तू अन तू" करत निघून जायचे. एका दिवशी एकानं भर चौकात तिचा दंड दाबून पाहिला आणि म्हणाला, "हे काय घमेलं उचलन!" बाजूचे गडी फिदीफिदी हसले. त्या दिवशी ती कामाशिवाय घरी आली, डबा तसाच कोपऱ्यात ठेवला आणि डोमाजीला म्हणाली, "मी मातेरं खाईन, पण त्या चौकात पाय ठेवणार नाही." बोलायला काय जातं हो! दोन दिवसांनी गेलीच पुन्हा. पोटानं नेली. पण तो दाबलेला दंड तिच्या मनात कायमचा ठणकत राहिला.

वच्छला तिची शेजारीण, भिंतीला भिंत. एका संध्याकाळी ती लुगड्याला हात पुसत आली आणि उंबऱ्यावरच बसली.

"मने, मी चाकणले चालली."

"काहून वो?"

"आमच्या घरच्यायले वॉचमनचं काम भेटलं तिकडं. खोली बी देऊन राहिले. दोन महिने पायतो, नाही जमलं तं वापस. तवरोक माही जागा तू धर. पगार तुहा, मले दमडी नको."

"अन तू वापस आली म्हंजे?"

"म्हंजे तू बाजूले हो. आपल्यात काय भांडण हाये!"

मनकर्णाला रडूच आलं. कायमची रोजी, तीही पावसाळ्यात न बुडणारी, तीही कोणी दंड न दाबता! तिनं त्या रात्री डोमाजीच्या ताटात दोन अंडी घातली.

वच्छला पोराला, सुगतला, कडेवर घेऊन गेली ती गेलीच. दोन महिन्यांचं वर्ष झालं, मग मोजणंही बंद झालं. चाकण तिला मानवलं. मनकर्णानं एकदा किसनरावाजवळ विषय काढला, "किसनभाऊ, आता माहंच नाव लावा ना रजिस्टरवर."

किसनराव तिच्या अंगावरच आला. "खुळी का तू? वच्छलाचं नाव काढलं तं ते जागाच जाते. मालक आता नवी बाई कायम करत नाही. तुहं नाव लावतो म्हटलं तं रोजीवर लागन. फंड नाही, कार्ड नाही, पावसाळ्यात घरी बस. पाहिजे का?"

"नको बाप्पा."

"मंग उभी राय मुकाट्यानं. नाव काय करतं? पोटाले लागते का नाव?"

पटण्यासारखंच होतं ते. वच्छलाही मनानं साफ होती. पगार बँकेत जमा व्हायला लागला तेव्हा तिनं स्वतः येऊन अंगठे दिले, पासबुक आणि एटीएमचं कार्ड मनकर्णाच्या हातात ठेवलं, एका पैशाची अपेक्षा केली नाही. चौदा एप्रिलला गावी आली की मनकर्णाकडंच उतरायची, दोघी भाकरी थापता थापता जगाची उणीदुणी काढायच्या. अशाच एका वेळी ती म्हणाली, "मने, फंडाचा पैसा तुहा हाये. मी अठ्ठावनची झाली म्हंजे येतो, आंगठा देतो, अन सगळाच्या सगळा तुह्या पदरात टाकतो. बाबासाहेबाची शपथ."

तो शब्द मनकर्णानं गाठीला बांधला. तो पैसा आला की घराच्या ओट्यावर किराण्याचं लहानसं दुकान टाकायचं, बसून दोन घास खायचे आणि पुन्हा म्हणून कोणाच्या दारात, कोणाच्या चौकात उभं राहायचं नाही. पिंकी अमरावतीला सासरी गेली, जावयाची दुकानातली नोकरी आज आहे तर उद्या नाही अशी. तिच्याकडून काही यायची आशा नव्हती, उलट तिलाच इथून दाळ-तांदूळ जायचे. म्हातारपणाचा आधार म्हणून जे काही होतं ते त्या फंडात होतं, आणि फंड होता वच्छलाच्या नावावर.

काम सांगायचं तर उन्हाळ्यात पटांगणात तूर पसरून ती भर उन्हात उलथीपालथी करायची, मशीनमध्ये फुटायचा राहून गेलेला गोटा दाळीतून वेचून काढायचा, पोती शिवायची. फोतराचा, म्हणजे तुरीच्या सालपटाचा, धुरळा असा की फडकं बांधल्याशिवाय श्वास घेता येत नाही. मॅनेजर साहेब दिवसातून एकदा चक्कर मारायचे, मूठभर दाळ तळहातावर घेऊन उजेडात धरायचे आणि पुढं जायचे. मनकर्णाची दाळ त्यांनी कधी पुन्हा निवडायला लावली नाही, याचा तिला कोण अभिमान! घरी येऊन सांगायची, "आज साहेबानं माही दाळ पायली." डोमाजी म्हणायचा, "तुही कायची, वच्छलाची पायली." आणि दोघं हसायचे.

हळूहळू मिलबाहेरही तिला वच्छलाच म्हणू लागले. विहारात वंदनेला कोणी "मनकर्णाबाई, सरका जराशा" म्हटलं तर ती ढिम्म बसून राहायची, आणि बाजारात भलत्याच वच्छलाला हाक गेली की वळून पाहायची. बायांना मोठी गंमत वाटायची. तिलाही वाटायची, डोमाजी पडेपर्यंत.

डोमाजीचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, गाडा सुटला. खाजगी डॉक्टरनं तपासण्या सांगितल्या त्या ऐकूनच दोघं बाहेर आले. मनकर्णाजवळ विम्याचं कार्ड होतं. तिनं स्वतःच्या तापा-खोकल्याची औषधं त्या दवाखान्यातून वच्छला म्हणून कितीदा तरी आणलेली. तापा-खोकल्याला कोणी कार्ड निरखत नव्हतं, भरती करताना मात्र निरखायचे, आणि कार्डावर वच्छलाच्या कुटुंबाचा फोटो. नवरा म्हणून तिथं एक गोल तोंडाचा, जाड मिशांचा गडी. आणि डोमाजी म्हणजे वाळलेली काडी, मिशीचा पत्ता नाही. शेजारची जाईबाई, मिलमधलीच, म्हणाली, "मिशा वाढवाले सांग त्यायले. आजारानं वाळले म्हणू." वेळच तशी होती, नाही तर कोणी हसलं असतं. मनकर्णानं खरोखरच डोमाजीला मिशा ठेवायला सांगितलं.

डोमाजी भिंतीला टेकून उठून बसला. "अवो, जलमभर गाडा वढला, पण कोणाचं नाव नाही लावलं. आता दुसरीचा नवरा होऊन गोळ्या खाऊ का? मरन तं डोमाजी म्हणूनच मरन."

"तुह्या नावाले काय चाटू का मी!" मनकर्णा ओरडली. "नाव घेऊन काय करतं? पोट्टीनं बाप म्हणून कोणाले हाक मारावं?"

तो ऐकला नाही. गरिबाला असला ताठा परवडत नाही हे त्यालाही कळत होतं, पण त्याच्याजवळ दुसरं होतं तरी काय? सरकारी दवाखान्यात नेला तोवर फार उशीर झाला होता. दिवाळीच्या आधी गेला. आपल्या पगारातून दर महिन्याला विम्याचे पैसे कापले जातात आणि आपला माणूस मात्र त्या दवाखान्याच्या दारातून आत जाऊ शकला नाही, या विचारानं मनकर्णा दाळ निवडता निवडता दातओठ खायची. माती देऊन आली आणि तिसऱ्या दिवशी लाइनीत उभी राहिली. वच्छलाचा नवरा तर जिवंत होता ना! तिला कसली सुट्टी?

मग गेल्या थंडीत खरी वच्छला परत आली. नवरा तिकडंच वारला होता, आणि हिच्या पोटात गाठ. सुगतचं कंपनीतलं ठेक्याचं काम सुटलेलं. विम्याचं कार्ड अकोल्याचं, म्हणून पोरानं शेजारची जुनीच खोली पुन्हा भाड्यानं घेऊन आईला तिथं आणून ठेवलं आणि दवाखान्यात भरती केलं. कार्डावरचा फोटो आणि पलंगावरची बाई अखेर एक झाली. आता किसनरावाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं मनकर्णाला फाटकाआडच गाठलं.

"उद्यापासून येऊ नको."

"काहून?"

"एक बाई एकाच टायमाले दवाखान्याच्या पलंगावर बी अन मिलमंदी बी कशी राहीन? ते भरती हाये तवरोक तू घरी बस."

म्हणजे आजारी ती, आणि खाडा हिचा! मनकर्णानं कपाळावर हात मारला आणि रोजी बुडालीच आहे तर निदान मैतरणीजवळ तरी बसू म्हणून दवाखान्यात जाऊन बसली. तिचे केस विंचरले, पेज भरवली, पाय चेपले. वच्छला क्षीण आवाजात म्हणायची, "मने, माह्यापायी तुही रोजी बुडून राहिली." मनकर्णा म्हणायची, "गप वो. मोठी आली रोजीवाली." वच्छलाला घरी सोडलं की हिनं पुन्हा मिलमध्ये जायचं. दिवसभर वच्छला होऊन राबायचं आणि संध्याकाळी वच्छलाचं अंग पुसायचं, असे ते दिवस गेले.

अठ्ठावन्न भरायला थोडेच महिने उरले होते. मनकर्णा मनातल्या मनात म्हणायची, एवढे काढ माय, एवढे काढ. आणि म्हटल्याबरोबर तिची तिलाच लाज वाटायची. मैतरीण जगावी म्हणून म्हणतो की फंड निघावा म्हणून म्हणतो, हे तिचं तिला सांगता आलं नसतं. एका दुपारी वच्छलानं सुगतला जवळ बोलावलं. "बाप्पू, तो फंड मावशीचा हाये. तू कडेवर होता तवापासून म्या त्यात एक दिवस बी केला नाही. मी मधातच गेली तं सारा तिले दे. हो म्हण." सुगत खाली मान घालून म्हणाला, "हो आई."

होळीच्या आधी वच्छला गेली. शेवटचं पाणी मनकर्णानंच पाजलं. तिला आंघोळ घातली, पांढरं पातळ नेसवलं आणि एवढी रडली की जाईबाईला तिला धरून बसावं लागलं. खरंखुरं रडणं होतं ते, त्यात फंडाचा लवलेश नव्हता.

दुखवट्याचे दोन-चार दिवस गेल्यावर सकाळी डबा बांधून, तोंडाला फडकं गुंडाळून ती फाटकावर गेली. किसनराव आडवा आला.

"कुठं चालली?"

"कामाले."

"अवो बाई, तू मेली ना!"

मनकर्णाला वाटलं, थट्टा करतो. ती हसलीसुद्धा. किसनराव हसत नव्हता. "सुगत ऑफिसात मैताचा कागद देऊन गेला. फंड काढायचा हाये त्याले. साहेबानं माह्यासमोर वच्छलाच्या नावावर लाल रेघ मारली. आता कोणाच्या नावानं आत घेऊ तुले?"

लाइनीतल्या बाया एकेक करून तिच्या बाजूनं आत गेल्या. कोणी खांद्यावर हात ठेवला, कोणी नजर चुकवली. मनकर्णाच्या अंगाची आग आग झाली. इतक्या वर्षांत तिला हे एकदाही सुचलं नव्हतं, की जागा धरणारीची जागा दुसरीच्या श्वासावर असते. "मी साहेबाकडं जातो," ती म्हणाली. "सांगतो त्यायले, हे सारी दाळ म्या निवडली. वच्छलानं नाही, म्या!"

"जाय. खुशाल जाय." किसनरावाचा चेहरा पांढरा पडला होता, तरी आवाज त्यानं खालीच ठेवला. "साहेब म्हणन, खोटं नाव सांगून आत येत होती का इतके दिवस? तुले बी पोलिसात देईन अन मले बी. फंड अडकन, त्या पोराले कवडी भेटणार नाही. अन तुले तरी भेटन का? तुहं नाव हाये का फंडात कुठं?"

ती फाटकाजवळच्या दगडावर बसली. आतली मशीन सुरू झाली तशी उठून घरी आली.

त्याच संध्याकाळी सुगत आला. दारातच घुटमळला. "मावशी, रविवारी आईचं पुण्यानुमोदन हाये. विहारात."

"मले काय सांगतं बाप्पू, मलेच तं करायचं हाये सारं."

"तसं नाही." त्यानं मान खाजवली. "मॅनेजर साहेब येणार हायेत. फंडाच्या कागदावर त्यायचीच सही लागते, म्हणून म्याच बोलावलं. तुमी नका येऊ. त्यायनं तुमाले पायलं, ओळखलं, तं सारंच बोंबलन."

मनकर्णानं सरळ विचारलं, "अन तुह्या आईचा शब्द?"

"ध्यानात हाये मावशी. पण बाहेरून आणलेल्या औषधांचं देणं हाये, खोलीचं भाडं थकलं, बायको पोराले घेऊन माहेरी बसली. देईन ना. जमन तसं देईन."

जमेल तसं देईन म्हणजे काय, हे मनकर्णाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिला पोराचा संताप यायला पाहिजे होता. पण त्याच्या पायात एक चप्पल निळी आणि एक काळी होती, अंगठ्याजवळ तारेनं बांधलेली, आणि ती पाहून तिला शिवीही देता येईना. ती एवढंच म्हणाली, "फंड तू घे नाही तं नदीत टाक. पण तुह्या आईच्या कार्यक्रमाले मी घरी बसणार नाही. काय व्हायचं ते होवो." बोलून गेली खरी, पण रविवारपर्यंत तिला घास गोड लागला नाही. साहेबानं ओळखलं तर पोराच्या तोंडचा घास जाणार, किसनराव जाणार, आपल्या हातात बेड्या पडणार. आणि ओळखलं नाही तर? तो विचार तिनं केलाच नाही.

विहारात सतरंज्या अंथरल्या होत्या. टेबलावर पांढरं कापड, त्यावर वच्छलाचा चाकणला काढलेला हसरा फोटो, फुलांचा हार, मेणबत्त्या. त्रिसरण-पंचशील झालं, वंदना झाली. मनकर्णा बायांच्या दुसऱ्या ओळीत जाईबाईच्या शेजारी बसली होती. डोक्यावर पदर, पण तोंड उघडं. मॅनेजर साहेबांसमोर ती पहिल्यांदाच अशी उघड्या तोंडानं बसणार होती, आणि तिचा हात राहून राहून पदर तोंडावर ओढायला वर जात होता.

साहेब पांढरा शर्ट घालून आले. वाकून फुलं वाहिली, फोटोकडं घटकाभर पाहिलं, हात जोडले. कोणीतरी माईक त्यांच्या हातात दिला. ते म्हणाले, "वच्छलाबाई म्हणजे आमच्या मिलच्या जुन्या कामगार. मी त्यांना चांगलं ओळखत होतो. सदा असा हसरा चेहरा. इतक्या वर्षांत त्यांनी विनाकारण खाडा केल्याचं मला आठवत नाही. आणि त्यांच्या हातची दाळ! मूठभर उचला, शोधून एक गोटा सापडायचा नाही. अशी बाई आता मिळणं कठीण आहे."

किसनराव जमिनीकडं पाहत होता. ओळीतल्या बायांनी चोरून एकमेकींकडं पाहिलं. जाईबाईनं मनकर्णाचा गुडघा घट्ट दाबला. मनकर्णाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिचंच होतं ते सगळं. न केलेले खाडे तिचे, दाळ तिची, त्यापायी गेलेले गुडघे तिचे, खोकला तिचा. फक्त हसू तेवढं फोटोतलं, म्हणजे वच्छलाचं होतं.

बोलताना साहेबांची नजर बायांच्या ओळींवरून फिरली. ती मनकर्णावर आली, क्षणभर टेकली आणि पुढं सरकली. काही घडलं नाही. सुगतनं सुस्कारा सोडलेला तिला दिसला. तिचीही भीती उतरली, आणि भीती उतरल्याबरोबर ती भीतीच बरी होती असं तिला झालं. ज्या माणसाच्या हाताखाली जवानी मातीत घातली, त्याला आपलं तोंड माहीत नाही! ओळखलं असतं, चारचौघांत खोटारडी म्हटलं असतं, पोलिसात दिलं असतं, तरी चाललं असतं. फंड गेला असता तरी चाललं असतं.

कार्यक्रम संपला. लोक चहाकडं वळले. साहेब चपला घालता घालता किसनरावाला म्हणाले, "नवी तूर यायला लागली. निवडायला एक हात कमी पडतोय. कोणी बाई आहे का पाहण्यात? रोजीवर. कायमचं वगैरे काही नाही, आधीच सांगतो."

किसनरावानं इकडंतिकडं पाहिलं. त्याला दया आली की आपली जुनी एक रोजी आठवली, देव जाणे. त्यानं हात करून मनकर्णाला पुढं बोलावलं. "हे हाये ना साहेब, मनकर्णाबाई. वच्छलाबाईची शेजारीण. नवरा नाही, घरी कमावणारं कोणी नाही. लय गरजू हाये."

साहेबांनी तिला नीट पाहिलं, आता मात्र अगदी समोरून. "वय जरा जास्त दिसतंय," ते म्हणाले. "बाई, दाळीचं काम केलंय का कधी?"

चहाचे कप घेतलेल्या बाया जागच्या जागी थांबल्या. सुगत आईच्या फोटोसमोर उभा राहून तिच्याकडंच पाहत होता. मनकर्णानं पदर सारखा केला.

"नाही साहेब," ती म्हणाली. "शिकीन."